वजनाच्या गोळ्या घ्यायच्याच असतील तर: डबी, मात्रा आणि बारा आठवड्यांची वही

वजनासाठी गोळी घ्यायची म्हटली की "गुण येतो का?" हे पहिल्यांदा विचारलं जातं. त्याच्याही आधी विचारायला हवं की गोळीत नेमकं काय आहे आणि किती मिलिग्रॅम आहे. याचं उत्तर डबीवर छापलेलं नसेल, तर गुणाची चौकशी करण्यात अर्थ नाही. ती डबी दुकानातच ठेवावी.

आधी टेप आणि काटा

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा बीएमआय. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो असेल तर ६८ भागिले (१.५८ × १.५८), म्हणजे सुमारे २७.२. भारतीय शरीरासाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायची. बायकांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. औषधाचा विचार साधारण बीएमआय २७ च्या पुढे होतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर २५ च्या पुढे.

बीएमआय २३ च्या आत असेल, वय १८ पेक्षा कमी असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा यकृताचा, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वजनाची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. खाल्लेलं ओकून काढण्याची किंवा दिवसचे दिवस उपाशी राहण्याची सवय लागली असेल, तर गोळी ती सवय आणखी घट्ट करते. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला एसजीपीटी (यकृत), टीएसएच (थायरॉईड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) एवढ्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. वजन थायरॉईडमुळे वाढत असेल तर इलाज वेगळाच आहे. शिवाय पुढे यकृतावर ताण आला, तर तुलना करायला आधीचा आकडा हातात असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

डबी कशी वाचायची

अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो. तो प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि तिथलं नाव डबीवरच्या नावाशी जुळतं का ते बघावं. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता हवा. मग घटकांची यादी घ्या. प्रत्येक घटकापुढे त्याचं वजन हवं. दहा वनस्पतींची नावं आणि शेवटी एकत्रित "मिश्रण ८०० मिग्रॅ" एवढंच असेल, तर कुठली वनस्पती किती पोटात जाते हे कुणालाच सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही.

जाहिरातीकडेही नीट पाहावं. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, म्हणजे "लठ्ठपणा मुळापासून बरा" अशी औषधाची जाहिरात करणंच बेकायदा आहे. जो विक्रेता जाहिरातीत कायदा मोडतो, तो डबीच्या आत काय भरतो यावर विश्वास का ठेवायचा?

आत काय भरलेलं असू शकतं याची उदाहरणं आहेत. सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातून मागे घेतलं गेलं, आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतरही "शंभर टक्के हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. कधी त्याच्या जोडीला फिनॉल्फ्थॅलीन हे जुनं जुलाबाचं औषधही मिळालं. वनस्पतींच्या कॅप्सूलने दोन दिवसांत भूक पार मेली, तोंडाला कोरड पडली, छातीत धडधडू लागलं, रात्री डोळा लागेना, तर "चांगलं लागू पडलं" असं समजू नका. ती बंद करा आणि रक्तदाब मोजून घ्या. ऑनलाइन मिळणारी डीएनपी नावाची पिवळी भुकटी तर हातातही घेऊ नये. तिने अंगाचा ताप वाढत जाऊन माणसं दगावली आहेत आणि तिच्यावर उतारा नाही.

ऑर्लिस्टॅट: नियम पाळले तरच

गोळ्यांमध्ये सर्वात नीट तपासलेल्या औषधांपैकी हे एक. मात्रा ६० किंवा १२० मिलिग्रॅम. ते भूक मारत नाही, मेंदूवर काम करत नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज हे विकर अडवतं. १२० च्या मात्रेत खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे ३० टक्के न पचता बाहेर पडते. हिशेब सोपा आहे: दिवसाला ६० ग्रॅम तेल-तूप पोटात जात असेल तर १८ ग्रॅम बाहेर, म्हणजे सुमारे १६० कॅलरी, दीड-दोन पोळ्यांएवढ्या. महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास. वर्षभर आहार सांभाळून घेतलं तर नुसत्या आहारापेक्षा सरासरी अडीच ते तीन किलो जास्त उतरतात. "महिन्यात दहा किलो" ऐकून आलेल्या माणसाला हा आकडा लहान वाटेल, पण खरा आकडा हाच.

कॅप्सूल मुख्य जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर तासाभराच्या आत घ्यायची, दिवसातून जास्तीत जास्त तीन. जेवण चुकलं तर कॅप्सूलही चुकवायची. जेवणात तेल-तूप जवळपास नसेल, जसं निवळ ताक आणि भात, तरीही चुकवायची. भात, साखर, पेढा यांच्यावर तिचा काहीच परिणाम होत नाही. दिवसातून सहा गोड चहा पिणाऱ्याने ऑर्लिस्टॅट घेण्याआधी चहातली साखर काढावी, फायदा जास्त होईल.

चुकतं ते तेलाच्या अंदाजात. एका जेवणात १५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असावा, म्हणजे भाजी, आमटी, पोळी सगळं मिळून चहाचे तीन चमचे तेल. आता साबुदाण्याची खिचडी बघा. ताटलीत ३० ग्रॅम दाण्याचं कूट आलं तर त्यातच १५ ग्रॅम तेल, वर दोन चमचे तूप म्हणजे आणखी दहा. एकादशीला "उपासच तर आहे" म्हणून ही खिचडी आणि वर कॅप्सूल घेतली, की दुपारी तेलकट जुलाब, वायूबरोबर तेल जाणं, कपड्याला डाग, घाईची लागणं हे सगळं होतं. तर्रीदार मिसळ, भजी, सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचं मटण यांचंही तेच. हा औषधाचा दोष नाही. न पचलेलं तेल कुठेतरी जाणारच. घरात तेल मोजायची सवय नसेल, तर कॅप्सूल सुरू करण्याआधी दोन आठवडे तेलाची बाटली मोजून वापरावी: चार माणसांना महिन्याला किती लिटर लागतं ते लिहून काढा. बहुतेक घरांना तो आकडा पाहून धक्का बसतो.

तेलाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात, म्हणून मल्टिव्हिटॅमिनची गोळी झोपताना, कॅप्सूलपासून किमान दोन तास लांब घ्यावी. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि ऑर्लिस्टॅट तिच्यानंतर चार तासांनी, म्हणजे नाश्त्याची कॅप्सूल सोडून दुपारपासूनच सुरू. वॉर्फरीन (रक्त पातळ करणारं), सायक्लोस्पोरीन (प्रतिकारशक्ती दाबणारं) किंवा फिटांची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. पित्तप्रवाह अडलेला असेल किंवा अन्न अंगी न लागण्याचा जुना आजार असेल तर मुळीच नाही. जुलाब जोराचे झाले तर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नये, दुसरं साधन वापरावं.

इसबगोल आणि इतर तंतू

इसबगोल स्वस्त आहे आणि पोट भरल्यासारखं वाटायला मदत करतो, पण एकट्याने वजन फारसं उतरत नाही. जेवणाआधी अर्धा तास, एक ते दोन चहाचे चमचे, मोठ्या पेल्यात किमान २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. कोरडा तोंडात टाकून वरून घोट घेतला तर तो घशात फुगून अडकतो. कोंजॅक कंदाचं ग्लुकोमॅनन १ ग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी एक-दोन पेले पाण्याबरोबर. तेही कमी कॅलरीच्या आहाराच्या जोडीनेच. त्याच्या गोळ्या टाळून पूड घ्यावी, कारण गोळी अन्ननलिकेत फुगण्याचा धोका असतो. इतर कुठलीही औषधं या तंतूंपासून दोन तास लांब ठेवावीत.

यकृताला जपा

ग्रीन टी कपाने पिणं आणि तिच्या अर्काच्या कॅप्सुला गिळणं यात फार अंतर आहे. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक) अर्काच्या रूपात घेतल्यास यकृताची विकरं वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. अर्क घ्यायचाच असेल तर त्याहून बराच कमी आणि कधीही उपाशीपोटी नाही. रक्त कमी असलेल्या बायकांनी चहा असो वा अर्क, जेवणापासून लांब ठेवावा. तो लोह शोषू देत नाही.

गार्सिनियाबद्दल कोकणात हमखास गैरसमज असतो की "हे आपलं आमसूलच". कॅप्सूलमधली गार्सिनिया ही आमसुलाची बहीण, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती. दोन्हींत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, पण सोलकढीतली चार आमसुलं आणि दिवसाला दीड-दोन ग्रॅम सांद्र अर्क यांची तुलना होत नाही. अर्कामुळे काविळीच्या नोंदी झाल्या आहेत आणि वजनातला फरक जेमतेम. आम्ही ती सुचवत नाही.

मेदोहर गुग्गुळ वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावा. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही रक्तदाब-हृदयाची औषधं कमी शोषली जातात. एल-कार्निटीन, सीएलए (एक स्निग्धाम्ल), क्रोमियम या पूरकांचा परिणाम इतका थोडा आहे की त्या पैशाची कडधान्यं आणि अंडी घ्यावीत. सोनामुखीचे "डिटॉक्स" चहा आणि लघवीच्या गोळ्या फक्त पाणी काढतात. काट्यावर दोन किलो उतरतात, पाणी प्यायल्यावर परत येतात, आणि मधल्या काळात पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. थायरॉईड नॉर्मल असताना वजनासाठी थायरॉक्सिन घेणं हा तर जिवाशी खेळ.

बारा आठवड्यांची वही

एका वेळी एकच गोष्ट सुरू करायची. तीन डब्या एकत्र उघडल्या आणि पुरळ उठलं, तर दोष कुणाचा? वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि चहाआधी. वहीत वजन, कंबर आणि नवं काही जाणवलं असेल तर तेही. चौथ्या आठवड्याला रक्तदाब बघा, अर्क घेत असाल तर एसजीपीटी पुन्हा करा. बाराव्या आठवड्याला मूळ वजनाच्या ५ टक्के उतरले नसतील, म्हणजे ६८ किलोच्या माणसाचे सुमारे साडेतीन किलो, तर औषध तुमच्यासाठी नाही. मात्रा वाढवू नका, थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, छातीत दुखणं किंवा मन एकाएकी खचणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा आणि डबी बरोबर न्या. उरलेल्या गोळ्या, पाकीट आणि बिल फेकू नका. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. भेसळीचा संशय असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीत बॅच क्रमांक लिहा, न उघडलेली एखादी डबी असेल तर तीही जोडा. तपासणीला तीच सर्वात उपयोगी पडते.