महाबळेश्वरला जाताय? या चुका टाळा

वेण्णा तलाव पाचगणीहून येणाऱ्या रस्त्यालाच लागून, गावाच्या तोंडाशी आहे. निम्म्या सहलींचा विचका तिथेच होतो. शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईहून निघालेल्या गाड्या दुपारनंतर एकदमच तिथे येतात. कुणाला बोट हवी, कुणाला घोडा, कुणाला भाजलेलं कणीस, आणि मागे लांबच लांब रांग. आल्या आल्या तलाव उरकून टाकू, हा हिशोब सोडा. थेट मुक्काम गाठा आणि तलावावर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला हा तलाव खरा दिसतो तो सकाळीच. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुकं तरंगत असतं, कडाक्याच्या थंडीत काठच्या गवतावर दवबिंदू गोठतात. गावापेक्षा इथे गारठा जास्त, तेव्हा मुलांच्या कानटोप्या खोलीवर विसरू नका.

दुसरी चूक, एका दिवसात सगळे पॉइंट. दिशा बघून वाटणी करा. सूर्योदयाला विल्सन पॉइंट, मग क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुन्या देवळांचं गाव, आणि त्याच रस्त्याने पुढे ऑर्थर सीट. प्रतापगड पोलादपूरच्या बाजूला आहे, त्याला वेगळा दिवस द्या आणि परतताना सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट गाठा.

वाईत भरपेट मिसळ खाऊन पसरणी घाट चढू नका. माझ्या भाच्याला दर वेळी गाडी लागायची. आता त्याला पुढच्या सीटवर बसवतो, खाणं हलकं ठेवतो आणि काच थोडी उघडी. तेव्हापासून त्रास नाही.

मेमध्ये येऊन ताजी स्ट्रॉबेरी शोधणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. तिचा खरा बहर डिसेंबर ते मार्च. खोका घेताना वरची लालभडक फळं पाहून भुलू नका, खालचा थर उघडून बघा. घरी न्यायची तर धुऊ नका, ओली फळं लगेच बुरसतात. खायच्या वेळीच धुवा.

जुलैत दरीचा नजारा बघायला येत असाल तर पॉइंटवर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसणार नाही. पाऊस अनुभवायचा असेल तर जरूर या, पण पोलादपूरकडच्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात. निघण्याआधी रस्ता चालू आहे का, ते मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.