प्रिएनी कसं पाहावं: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

तुर्कस्तानला जाणारी आपल्या बेळगाव-खानापूरकडची मंडळी बहुतेक एफेसस हे प्राचीन शहर बघून परततात. एफेसस भव्यच आहे, पण तिथे आज उभं दिसतं ते बरंचसं रोमन काळातलं. ग्रीक शहराची मूळ आखणी बघायची असेल तर सोके गावाजवळचं प्रिएनी गाठा. इ.स.पू. चौथ्या शतकात हे शहर नव्याने वसवलं गेलं. पुढे मेंडेरेस नदीच्या गाळाने समुद्र मागे ढकलला, बंदर गेलं, शहर मागे पडलं. म्हणूनच त्याच्यावर नवी बांधकामं फारशी चढली नाहीत.

निघण्याआधी एक सकाळ आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराला द्या. 1204 सालचे तिथले कातीव, गुळगुळीत खांब नीट बघून ठेवा. प्रिएनीच्या अथेना देवीच्या मंदिराचा खांब वेगळा: जात्याच्या तळीसारख्या चकत्या एकावर एक रचलेल्या. पाच खांब पुन्हा उभे केलेत, बाकीच्या चकत्या खाली विखुरल्यात. पडलेल्या चकतीच्या मधोमध खाच शोधा. वरची चकती सरकू नये म्हणून तिथे खुंटी बसे. भिंतीच्या दगडांना काठावर खाचा असतात. त्यांत लोखंडी पकडी बसवून वर शिसं ओतत. शिशामुळे पाणी आत जात नाही, लोखंड गंजून फुगत नाही आणि दगड तडकत नाही. पुढच्या काळात लोकांनी याच धातूसाठी प्राचीन इमारतींचे दगड फोडले. खाचेभोवतीचा काठ उडालेला दिसला तर हे कारण आधी मनात आणा.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. आपल्याकडे जूनमध्ये झड लागते, तिथे मात्र जून ते ऑगस्ट कोरडं, रखरखीत ऊन. माणशी 2 लिटर पाणी, चिरमुरे-शेंगदाणे बरोबर घ्या. कुंदा नको, उन्हात टिकत नाही. चप्पल अजिबात नको. संगमरवरावर पाइनच्या वाळक्या सुया पडलेल्या असतात, त्यावरून पाय सटकतो. खाचदार रबरी तळव्याचे बूट घाला.

आत चुकायला होतं, कारण सगळीकडे सारखेच दगड. खूण सोपी आहे: उंच कडा दिसतो ती उत्तर. पूर्व-पश्चिम रस्ते उतारावर आडवे, जवळपास सपाट जातात. उत्तर-दक्षिण गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत. सपाट रस्त्याने चालताना साधारण पन्नास-पंचावन्न पावलांवर एक गल्ली लागते, कारण दोन गल्ल्यांमधला घरांचा चौकोनी गट सुमारे 35 मीटर रुंद आहे. पावलं मोजत चाला, नकाशा आपोआप डोक्यात बसतो.

थेट मंदिराकडे धावू नका. आधी अगोरा, म्हणजे बाजारचौक, तिथे उभं राहून चारही बाजू बघा. त्याच्या उत्तरेला सभागृह आहे. तीन बाजूंना पायऱ्यांची आसनं, मधे वेदी. इथे घाई नको, वरच्या पायरीवर दहा मिनिटं बसा. समोरासमोर बसून गावाचा कारभार कसा चालत असेल ते इथे जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. मग मंदिर, आणि त्यानंतर नाट्यगृह. नाट्यगृहात पहिल्या ओळीपुढे हात टेकायला जागा असलेल्या संगमरवरी खुर्च्या आहेत, त्या मानकऱ्यांच्या. शेवटी पश्चिमेकडची घरं. बहुतेक लोक दमून तिथवर जात नाहीत, म्हणून तीन तास हाताशी ठेवा. कड्यावरची चढण मात्र खडी आहे, सवय नसेल तर सोडून द्या.

खापराचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.