घरच्या पाळणाघरात या चुका टाळा

ठाण्यात काय किंवा ऐरोली-कोपरखैरण्यात काय, तळमजल्याच्या फ्लॅटमधली बरीचशी पाळणाघरं सासू-सून नाहीतर दोघी बहिणी मिळून चालवतात. मायेत तिथे काही कमी नसतं. घोळ होतो तो मोठ्यांच्या व्यवहारात, कारण ‘घरचंच तर आहे’ म्हणून सगळं तोंडी ठरलेलं असतं.

सगळ्यात जास्त कटकट संध्याकाळी. बंद व्हायची वेळ सात, आणि सव्वासातला आईचा फोन : “ताई, माजिवड्याला अडकलेय, दहाच मिनिटं हं!” घोडबंदर रोडवरची दहा मिनिटं म्हणजे किती, हे दोघींनाही ठाऊक असतं. ताई पहिल्यांदा “असू दे” म्हणतात, दुसऱ्यांदाही म्हणतात, आणि बघता बघता पावणेआठ हीच वेळ होऊन बसते. मग मदतनीस मावशी कुरकुरतात. त्यांनाही घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतात. हे प्रवेशाच्या अर्जावरच लिहून टाका : पंधरा मिनिटं सवलत, पुढे दर अर्ध्या तासाला इतके रुपये. ते पैसे थांबलेल्या मावशींच्याच हातात द्या, आणि पालकांनाही तसं सांगा. दंड म्हटलं की वाद होतो, मावशींचे जादा वेळेचे पैसे म्हटलं की सहसा होत नाही.

लोकल ठप्प झाली किंवा पाणी तुंबलं, तर मात्र त्या दिवशी एक पैसा घेऊ नका. 26 जुलै 2005 ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जून लागला की दुधाची पावडर, बिस्किटं, पोहे, टॉर्च आणि प्रत्येक मुलाचा कपड्यांचा जादा जोड तयार हवा. पालकांचे नंबर कागदावरही लिहा, मोबाइल नेमका तेव्हाच मान टाकतो.

मूल सोपवताना ओळखीवर भागवू नका. न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो घेऊन ठेवा. यादीबाहेरचं कुणीही आलं, अगदी सख्खा मामा असला तरी, आधी आईला किंवा बाबांना फोन. आजोबा रागावले तर रागावू देत.

आजारपणाचं जरा नाजूक असतं. सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजून मूल सोडतात, अकराला अंग पुन्हा तापतं, आणि आई म्हणते, “दात येतायत हो.” तिला रजा मिळत नाही हे खरंच. पण औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच मूल परत आणायचं, हा नियम कुणासाठी मोडू नका. पावसाळ्यात हँड-फूट-माउथ पसरतो तेव्हा तर दारातच हात-पाय आणि तोंड बघून मूल आत घ्या. तळव्यांवर पुरळ, तोंडात फोड दिसले तर डॉक्टरांकडे पाठवा. खेळणी रोज धुवा, रुमाल प्रत्येकाचा वेगळा.

माणसं मोजतानाही घरच्यासारखी मोजतात. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक असं प्रमाण दिलंय. कुकरपाशी उभ्या असलेल्या सासूबाई यात धरायच्या नाहीत! खाऊच्या वेळी तर एक जण फक्त बघायलाच हवी. फुटाणे, अख्खे शेंगदाणे लहानांना देऊच नका, द्राक्षं उभी चिरून द्या.

फीचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. नात्यातल्या मुलांना सवलत द्यायची तर खुशाल द्या, पण किती आणि कधीपर्यंत ते आधी ठरवा. सोसायटीचं ना हरकत पत्र लेखी घ्या, कमिटी बदलली की तोंडी होकाराला काही किंमत राहत नाही.

आणि “आमचा हुशार आहे, ज्युनिअरला बसवा” म्हणणाऱ्यांपुढे मान डोलावू नका. महाराष्ट्रात 31 डिसेंबरला नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात. आज पुढे ढकललेलं मूल मोठ्या शाळेच्या दारात वयावर अडतं, आणि तेव्हा पालक जाब विचारायला तुमच्याकडेच येतात. जन्मदाखल्याची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्या.