जुनी पोर्टा केबिन विकताना या चुका टाळा

इंदूरच्या आसपास, विशेषतः सिमरोल आणि महूच्या बाजूला, ज्यांनी हौसेने शेतावर पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी तयार खोली, किंवा कंटेनरचे घर ठेवले, त्यांच्यापैकी बरेच जण ते विकायला काढताना पहिल्यांदा रंगाचा डबा आणतात. वारंवार पाहून मला वीट आलेली चूक हीच. घेणाऱ्याला ती खोली उचलून आपल्या जागेवर न्यायची असते आणि ती उचलली जाते खालच्या लोखंडी सांगाड्याच्या जोरावर. भिंतीच्या रंगाचा तिथे काडीचाही उपयोग नसतो.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते. केबिन ठोकळ्यांवर उचलून न ठेवता सरळ जमिनीवर टेकवलेली असेल, तर तळाचे चॅनेल, म्हणजे सांगाड्याचे लोखंडी दांडे, खालून कुजत जातात आणि वर राहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रामबागेतील एका निवृत्त गृहस्थांनी विक्रीपूर्वी अशाच चॅनेलवर काळा ऑइलपेंट मारून घेतला होता. देवासच्या गिऱ्हाइकाने पैसे मोजले, ट्रेलर आणला, हायड्रा म्हणजे उचलायची क्रेन आली. चालकाने चारही कोपऱ्यांच्या हुकांना साखळी लावण्याचा कंटाळा करून मधोमध पट्टा घातला, आणि केबिन जेमतेम दोन फूट वर गेली तोच एका बाजूचा चॅनेल वेल्डिंगपासून उकलला. छत वाकले, खिडकीची काच फुटली आणि दार चौकटीत असे आवळले गेले की ते शेवटी कापावे लागले. “काका, गंज दाखवला असता तर भाव पाडून का होईना, पण मी घेतली असती,” असे गिऱ्हाईक म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. पैसे परत गेले, हायड्रा आणि ट्रेलरचे भाडेही काकांनाच भरावे लागले.

मी केबिन पाहायला जातो तेव्हा आत शिरण्याआधी हातोडीने तळाचे चॅनेल ठोकून पाहतो. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजेल तेवढा तुकडा कापून नवा जोडून घ्यावा आणि जाहिरातीत पहिला फोटो तळाचाच द्यावा. सोफ्याचे आणि पडद्यांचे फोटो कोणी मागितले तर पाठवावेत.

दुसरी चूक रस्त्याची. सौदा ठरतो, विसार घेतला जातो आणि केबिन शेतातून बाहेर कशी पडणार याचा विचार ट्रेलर फाटकाशी येऊन उभा राहिल्यावर सुरू होतो. २० फुटी जहाजी कंटेनर ८ फूट रुंद असतो, त्यामुळे तो साध्या ट्रेलरवर बसतो. १० फूट रुंदीची केबिन मात्र ३ मीटरहून अधिक भरते, आणि रस्त्यावरील वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. म्हणजे एक तर परवानगी काढावी लागते किंवा केबिन सुटी करून न्यावी लागते. कंटेनरची उंची साडेआठ फूट, हाय क्यूब, म्हणजे उंच प्रकारचा, असेल तर साडेनऊ; त्यात ट्रेलरच्या पाटीची उंची मिळवली की शेतरस्त्यावरच्या लोंबत्या तारांशी गाठ पडते. हे सगळे टेपने मोजून, हायड्राचे भाडे कोणी द्यायचे तेही पावतीवर लिहून, मगच विसार घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये तर विक्रीचे नावच काढू नये, कारण भिजलेल्या काळ्या मातीत रुतलेली हायड्रा काढायला दुसरी हायड्रा बोलवावी लागते, आणि उतावीळ माणसांना हे दर वर्षी नव्याने कळते.

खरेदीचे मूळ बिल जपून ठेवावे, ते नसेल तर “केबिन तुमचीच कशावरून?” या प्रश्नाला उत्तर नसते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेऊ नये; प्राप्तिकर कायद्यात त्याला मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. केबिनबरोबर जमीनही देण्याचे कबूल करत असाल, तर जमिनीची रजिस्ट्री वेगळी करावी लागते, साध्या पावतीवर ती जात नाही. एसी, पाण्याची टाकी आणि पायऱ्या किमतीत धरल्या आहेत की नाहीत, हे आधीच सांगून टाकावे. विजेची जोडणी मात्र उचलण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडूनच सोडवून घ्यावी. अर्थिंगची तार तशीच राहिली तर केबिन वर जाताना ती बोर्ड भिंतीतून उपटून काढते.