बाबांचं जुनं मृत्युपत्र बदललं, तेव्हा

दिवाळीच्या आवराआवरीत बाबांचं 2008 मधलं मृत्युपत्र हाती आलं. वाचलं आणि पोटात गोळाच आला. त्यात केव्हाच विकलेला प्लॉट होता. अंमलबजावणी ज्या काकांकडे सोपवली होती, ते आता हयात नाहीत. इंदूरचं आमचं रामबागेतलं घर तेवढं नीट लिहिलेलं. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी अजून आजीच!

मी पेन घेऊन खोडायला बसले होते. वकिलांनी थांबवलं. सही आणि साक्षीदारांशिवाय केलेली दुरुस्ती कायद्याने धरली जात नाही. एखादाच बदल असेल तर पुरवणी चालते, पण इतके असतील तर नवंच लिहावं.

बाबांनी नवं लिहिलं. तारीख घातली, 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो' हे वाक्य आवर्जून घातलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साक्षीदार मात्र किमान दोन हवेतच. आम्ही शेजारचे दोघे निवडले, मुद्दाम बाबांपेक्षा वयाने बरेच लहान. बाबांची सही त्यांनी डोळ्यांदेखत पाहिली आणि बाबांसमोरच आपल्या सह्या केल्या.

मग बँकेत नॉमिनी बदलाचा फॉर्म. नॉमिनी म्हणजे वारस असं मला वाटायचं, तसं नसतं; नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सबाबत तर डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. म्हणून मृत्युपत्र आणि नॉमिनीचा फॉर्म, दोन्ही कागद जुळवून घेतले.

मूळ प्रत कुठल्या कप्प्यात आहे, ते धाकट्या बहिणीलाही दाखवून ठेवलंय. आता माझं स्वतःचं लिहायला घेतलंय.