जुन्या दोन-नळी रेग्युलेटरने खोल उतरताना

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये घडवलेल्या ॲक्वालंग या पाण्याखाली श्वास घेण्याच्या उपकरणाच्या परंपरेतील दोन-नळी रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोग्या दाबाने देणारे यंत्र) खांद्यांच्या किंचित खाली, पाठीला शक्य तितका लगटून बसवावा. कारण त्यातला हवा सोडण्याचे काम करणारा लवचीक पडदा फुप्फुसांपेक्षा फार वर राहिला, तर पालथे पोहताना श्वास ओढणे जड जाते, आणि ३० मीटरवर, जिथे हवा पृष्ठभागापेक्षा चौपट दाट असते, तिथे हा जडपणा धोकादायक ठरतो. रबरी नळ्या ताणून चिरा आधीच तपासाव्यात. तोंडाशी पाणी शिरल्यास डाव्या कुशीवर वळून जोरात फुंकावे, म्हणजे ते डावीकडच्या उच्छ्वासाच्या नळीतून बाहेर जाते. ही सवय उथळ पाण्यातच पक्की करावी. अनेक जुन्या नमुन्यांत टाकीत किती हवा उरली हे दाखवणारा दाबमापक जोडण्याची सोयच नसते. ती स्वतंत्रपणे करून घेतल्याशिवाय खोल उतरू नये, असे माझे ठाम मत आहे.