शक्तिमानचे पाटे उतरवण्याआधी

काट्यावर जा. पाना हातात घेण्याआधी, कमानवाल्याला (ट्रकच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्याला) फोन करण्याआधी गाडी वजनकाट्यावर घाला आणि पावती खिशात ठेवा. मी हे केलं नव्हतं. लिलावातला शक्तिमान, म्हणजे लष्करातला जुना ट्रक, हौसेने घेतला, महिनाभर रिकामा फिरवला, ठाण्याजवळच्या गायमुखच्या खड्ड्यांनी मणका खिळखिळा केला आणि गाडी मऊ चालावी म्हणून मी तडक कळंबोली गाठून मागच्या दोन्ही कमानींतले (कमान म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थप्पीची स्प्रिंग) तीन-तीन पाटे, म्हणजे पट्ट्या, काढायला लावले. कमानवाल्याने विचारलंही होतं, "शेठ, गाडीचं वजन किती?" मी म्हणालो, "असेल सहाएक टन." त्या 'असेल'मुळे पुढे माळशेजला जाताना टोकावड्याच्या पुढे रात्र रस्त्यात काढली. मागे पाचशे लिटरची भरलेली टाकी, जनरेटर, तंबू, नऊ माणसं. एक्सल चासीखालच्या (चासी म्हणजे गाडीचा सांगाडा) रबरी ठोकळ्यांवर धाडधाड आपटत होता आणि शेवटी उजवीकडचा मेन पाटा (थप्पीतला सगळ्यात वरचा, लांब) गेला.

तर वजन. गाडी सहलीला निघेल तशी भरायची: डिझेल, पाणी, स्टेपनी, हत्यारं, माणसं. माणसं मिळाली नाहीत तर वाळूची पोती चालतील. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. फार फरक आला तर काटा आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत नाहीत, दुसरा काटा शोधा. कळंबोली, तळोजा, तुर्भे या भागात काट्यांना तोटा नाही. ब्रेक सोडून, गिअर न्यूट्रलला ठेवून वजन घ्या. मोठ्या काट्याचा आकडा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने बदलतो, त्यामुळे एका माणसाने काय फरक पडतो हे तिथे बघत बसू नका. मग सगळं उतरवून रिकाम्या गाडीचं पुन्हा. दोन फेऱ्या, दोन पावत्या. कंटाळा येतो, मान्य. टोकावड्याला जास्त येतो.

वजनाचा एवढा जप का, तर ही गाडी कशासाठी बनली ते बघा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून हे ट्रक बनू लागले आणि १९९६ पर्यंत बनत होते. डांबरी रस्त्यावर पाच टन, रानात तीन टन अशी त्यांची मोजणी. कमान त्या ओझ्याच्या हिशोबाने बांधलेली. तुम्ही मागे चार खुर्च्या टाकून फिरणार, मग ती वाकणार कशाला? कमान ओझ्याखाली किती बसते त्यावर गाडी किती वेगाने डुलते ते ठरतं. २५ मिमी बसली तर सेकंदाला तीनदा, १०० मिमी बसली तर दीडदा. दीडदा म्हणजे पोटातलं पाणी हलत नाही, तीनदा म्हणजे गायमुख. आता किती बसते ते घरीच मोजता येतं: चाकं जमिनीवर असताना एक्सल ते चासी अंतर घ्या, मग शॉकअप (डुलणं थांबवणारे शॉक अॅब्सॉर्बर) सोडवून चासी उचला, चाकं लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. फरक साधारण तोच. काट्यावरच्या आकड्यात चाकं आणि एक्सलही येतात, त्यांचं वजन कमानीवर नसतं, तेवढं वजा धरा.

आता समजा सारख्या जाडीचे बारा पाटे आहेत आणि तीन काढले. कडकपणा पाव हिश्शाने उतरतो, इथपर्यंत सगळे खूश. पण ओझं तेच राहतं, म्हणून उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण तिसऱ्या हिश्शाने वाढतो. हा ताण झेपेल की नाही हे कशावरून ठरणार? पावतीवरून. पावती नसेल तर कमानवाला अंदाज करणार, आणि अंदाज तुम्ही दिलेल्या थापेवर उभा राहणार.

पाट्यांना हात लावण्याआधी दोन स्वस्त गोष्टी करून बघा, कदाचित पुढचं वाचायची गरज उरणार नाही. एक, टायरची हवा. बहुतेक लोक पाच टनांची हवा भरून रिकामी गाडी हाकतात. टायर कंपनीच्या तक्त्यात किती वजनाला किती हवा ते दिलेलं असतं. वजन एक्सलप्रमाणे लागतं, म्हणजे पुन्हा तीच पावती. तक्त्यात दिलेल्या किमान हवेच्या खाली जाऊ नका, टायर तापून फुटतो. दोन, गंज. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पाटे एकमेकांना असे चिकटतात की लहान खड्ड्यावर कमान हलतच नाही, अख्खी गाडी उडते. कमान उतरवा, पाटे सुटे करा, तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधा. कमानीच्या टोकांच्या पिना आणि बुश झिजले असतील तर त्याच वेळी बदला. माझ्या गाडीला अर्धा आराम एवढ्यानेच मिळाला असता, हे मला पाटे भंगारात घातल्यावर समजलं.

एवढं करूनही पाटे काढायचेच असतील तर सामान आधी जमवा, गाडी ठोकळ्यांवर चढवून मग बाजार हिंडू नका. कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे, सगळे. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की परत तसा धरत नाही. शिवाय पाटे कमी झाले की थप्पी पातळ होते, जुन्याचे आटे संपतात, नट आवळल्यासारखा वाटतो आणि कमान आत सैल असते. म्हणून थप्पीची नवी जाडी मोजून यू-बोल्ट करून घ्या. पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट नवा, चांगल्या प्रतीचा. तो तुटला तर एक्सल जागचा सरकतो. शॉकअप तपासा. कमान मऊ केल्यावर डुलणं थांबवायचं काम त्यांचंच, गळका शॉकअप ठेवून मऊ कमान घातली तर जहाजात बसल्यासारखं होतं. बाकी पाने, तेल, चिंध्या तुम्हाला माहीत आहेत.

पाट्याला गॅस लावू देऊ नका, वेल्डिंग तर अजिबात नको. "थोडं गरम करून कमान उतरवतो" असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन निघा. स्प्रिंग स्टीलचं पाणी (टेंपर) गेलं की तो पाटा नुसती पट्टी उरतो. मेन पाट्याला आणि त्याच्या खालच्याला हात नाही, काढायचे ते मधले, तेही दोन्ही बाजूंना सारखे आणि एका वेळी एकच. पुढच्या कमानी शक्यतो तशाच राहू द्या. पुढची उंची बदलली की स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलतो आणि खड्ड्यात गाडी आपणहून वळते. रबरी ठोकळा कापून जागा करायचा मोह होईल. नको.

जागा काँक्रीटची हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो. चासीखाली जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही. न उचललेल्या चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडण. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांना दोन ठिकाणी क्लॅम्प, नाहीतर थप्पी उसळते आणि बोटं जातात. पाट्यांवर ऑइल पेंटने नंबर घाला, डावे-उजवे लिहा.

कागद: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) वाचा आणि आपल्या आरटीओत विचारून घ्या. पाटे काढले की गाडीची ओझं पेलायची ताकद घटते, आरसीवरचा आकडा मात्र तोच राहतो. त्या आकड्यावर विसंबून कुणाला गाडी भाड्याने वगैरे देऊ नका.

काम झाल्यावरचं भराभर सांगतो. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळा. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना बघा. प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा) हाताने फिरवून बघा. भरलेल्या गाडीत एक्सल आणि रबरी ठोकळा यांच्यात किती फट उरते ते मोजून लिहा. माझी दोन बोटं होती, मी ती मोजलीच नव्हती. पहिली फेरी तळोजा एमआयडीसीतच, रिकामी, सावकाश. पन्नासेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेला पुन्हा. दुसरी फेरी भरलेली, शिळफाट्यापर्यंत, ठाण्यातल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा बघून. पावसाआधी उरका.

आणि या भरलेल्या फेरीत परत काट्यावर. नवी पावती जुन्या पावतीला टाचा. काढलेले पाटे वर्षभर शेडमध्येच राहू द्या, भंगारवाला रोज दारावरून गेला तरी.